तांदळातलं नाव

"जुने तांदूळ घे गो. नवे बोटाला चिकटतात, अक्षर फुटतं," आई म्हणाली.

माझ्या बहिणीने, फ्लोराने, डब्यातले जुने तांदूळ पितळेच्या ताटात ओतले आणि तळहाताने सारखे केले. ओटीवर बायका दाटीने बसल्या होत्या. कोपऱ्यात मेंदी भिजत होती. मी दाराशी उभा होतो. नवरा मुलगा म्हणून मला हाकलत होते, आणि नवरा मुलगा म्हणूनच कोणी फार जोर करत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझं लग्न होतं. साल १९४२, दिवाळी नुकतीच होऊन गेली होती.

आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. अलिबागजवळच्या आमच्या गावात आम्हाला शनिवार तेली म्हणत. आमचे आजे-पणजे तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून ठेवायचे, म्हणून ते नाव. घाणा केव्हाच गेला. मी सुतारकाम शिकलो, तरी गावात शनिवार तेल्याचा रहमिमच राहिलो.

सुनेचं नाव बदलायची रीत आमच्यात सगळ्यांकडे नव्हती. आईच्या माहेरी होती, तिने ती सासरी आणली. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी सासूने ताटात तांदूळ पसरायचे आणि अंगठीने सुनेचं नवं नाव लिहायचं. नाव काय, ते मुलीला आधी सांगायचं नाही.

मुलीला आणून पाटावर बसवलं. तिचं नाव हेर्टा. आमच्या आळीत ते कोणालाच नीट म्हणता येत नव्हतं. पोलीस ठाण्यातला हवालदार तिला हरताळबाई म्हणायचा.

ती जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ नावाच्या शहरातली. ज्यू लोकांचे हाल सुरू झाल्यावर १९३९ साली एकटी बोटीने मुंबईला आली, एका डॉक्टरांच्या घरी मुलं सांभाळायला. सहा महिन्यांत लढाई लागली. सरकारच्या कागदावर ती जर्मन, म्हणजे शत्रू. तिकडच्यांनी ज्यू म्हणून घालवली, इकडच्यांनी जर्मन म्हणून डोंगरावरच्या एका छावणीत वर्षभर ठेवली. मग सोडली ती अशा अटीवर, की दर सोमवारी ठाण्यात हजेरी द्यायची. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात तिला नर्सचं काम मिळालं.

मी तिथे खाटा दुरुस्त करायला गेलो होतो. ती समोर येऊन म्हणाली, "तुम्ही वाकडे आहात."

"मी नाही बाई. खाट वाकडी आहे," मी म्हटलं.

तिने थोडा विचार केला. "हो. खाट पण," ती म्हणाली.

मराठी ती रोग्यांकडून शिकली होती. शब्द भरपूर होते, पण 'आहे' आणि 'होता' यांची गल्लत व्हायची. काल जेवण चांगलं आहे, असं म्हणायची. आईने पहिल्या भेटीत विचारलं, "वडील काय करतात गो?" ती म्हणाली, "टोप्यांचं दुकान आहे." आईला टोप्यांचं दुकान आवडलं. चार घरी सांगून आली.

त्या पावसाळ्यात माझ्या भावाला मुलगा झाला. आईने त्याचं नाव माझ्या वडिलांचं ठेवलं, इलोजी. वडील तिथेच झोपाळ्यावर बसले होते. हेर्टाने मला हळूच विचारलं, "पण बाबा तर इथे आहेत."

"मग काय झालं?"

"आमच्याकडे जिवंत माणसाचं नाव कोणाला देत नाहीत. गेलेल्या माणसाचंच देतात. जिवंत माणसाचं दिलं तर वाईट."

आईने ऐकलं. "म्हणजे नातवाच्या नावासाठी आजाने मरायचं?"

"माझा विचार नाही हो तसा," वडील म्हणाले. सगळे हसले, हेर्टाही हसली.

आणि लग्नाच्या आठ दिवस आधी तिच्या आईचा निरोप आला. तेव्हा लढाईमुळे पत्रं बंद होती. रेडक्रॉसमार्फत एक छापील कागद यायचा, त्यावर पंचवीस शब्द लिहिता यायचे, जास्त नाही. ती दवाखान्यातून थेट आमच्याकडे आली आणि ओटीवर उभ्यानेच तो कागद वाचत राहिली. पंचवीस शब्दांना किती वेळ लागतो? ती फार वेळ वाचत होती.

"काय लिहिलंय?" आईने विचारलं.

"आई बरी आहे. धाकटी बहीण बाबांकडे राहायला गेली."

"बरं झालं. अशा दिवसांत पोर बापाजवळ असलेली बरी. आता तू काळजी करू नको."

"हो," हेर्टा म्हणाली. कागद घडी करून पोलक्यात ठेवला आणि आईबरोबर लाडवाचं पीठ भाजायला बसली. तेव्हा आम्ही सगळे खूश होतो.

तर ती पाटावर बसली. आईने बोटातली अंगठी काढली. कोणतं नाव लिहिणार ते मला माहीत होतं. आईने सकाळीच मला माडीच्या जिन्याखाली नेऊन सांगितलं होतं. हसाजीमामा शाळामास्तर होते, इंग्रजी जाणत, म्हणून सोमवारी ते हेर्टाबरोबर ठाण्यात जायचे. तिथे तिच्या पासपोर्टात त्यांनी वाचलं होतं की तिच्या नावापुढे अजून एक नाव आहे. सारा.

"इतकं चांगलं नाव असून पोरगी सांगत नाही," आई म्हणाली होती. "आपल्या सगळ्यांच्या मूळ आईचं नाव. माझ्याही आईचं नाव साराबाई. ती गेलेली आहे, म्हणजे हिच्याकडच्या रीतीतही बसतं. हिच्या आईबापांनी ठेवलेलंच नाव हिला परत मिळेल. कोणी दुखवायला नको."

तिचे डोळे भरले होते. आपली आई सून होऊन घरात येणार, असंच तिला वाटत असावं.

आईने तांदळात सावकाश लिहिलं. 'सा' काढला, 'रा' काढला. हेर्टाला तेवढं मराठी वाचता येत होतं. तिने अक्षरं पाहिली. मग आईकडे पाहिलं. मग हात पुढे करून पंजाने सगळं पुसून टाकलं. इतक्या जोरात, की अर्धे तांदूळ जमिनीवर सांडले. ती उठली आणि मागच्या दाराने निघून गेली.

मग माझी काकी बोलली. "लग्न लागलं नाही तोच ताट उधळलंन. गोऱ्या सुनेची हौस होती ना, घ्या आता."

"गप्प बस," वडील म्हणाले.

आई तशीच बसून होती. अंगठी बोटात घालायचंही तिला सुचलं नाही. जरा वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाली, "रहमिम, जाऊन विचार तिला. माझ्या आईच्या नावाची तिला किळस येत असेल, तर उद्याचं राहू दे. मी माणसांना सांगेन काय सांगायचं ते."

मी मागे गेलो. हेर्टा विहिरीच्या कठड्याला धरून उभी होती. पायरहाटाचं पाणी सांडून तिथे चिखल झाला होता. लग्नासाठी आणलेल्या तिच्या पांढऱ्या साडीचा काठ त्यात बुडाला होता.

"ते नाव तुम्हाला कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

"मामांनी पासपोर्टात वाचलं. आईला वाटलं, तुझ्या घरचं नाव आहे."

"घरचं नाही. सरकारचं."

मला कळलं नाही.

"मी जन्मले तेव्हा सारा नव्हते. वीस वर्षांची झाले तेव्हा सारा झाले. कायदा केला. सगळ्या ज्यू बायका सारा. सगळे पुरुष इस्राएल. कागदावर लिहायचं, सही करताना लिहायचं. विसरलं तर तुरुंग."

"सगळ्यांना एकच नाव?"

"एकच. पोस्टात गेलं, की सारा, मागे उभी राहा. बागेत गेलं, की सारा, बाकावरून ऊठ. माझी आई सारा. शेजारीण सारा. आमच्या गल्लीतली नव्वद वर्षांची म्हातारी सारा. पोलिसाने हाक मारली की सगळ्यांनी मान वळवायची. माझी आई, माझी धाकटी..."

ती तिथे थांबली.

"आमच्यात हे चांगलं नाव आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे. तिकडेही चांगलं होतं. म्हणूनच घेतलं त्यांनी."

मागे पाऊल वाजलं. आई दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती चिखलातून अनवाणी आमच्यापर्यंत आली.

"माझ्या आईचं नाव त्यांनी शिवीसारखं वापरलं?" तिने हेर्टाला विचारलं.

"हो."

"तुझ्या आईलाही त्याच नावाने हाकलत होते?"

"हो."

आईने कोणालातरी शिवी दिली. तिच्या तोंडून शिवी मी जन्मात दोनदा ऐकली, त्यातली ही एक. मग ती म्हणाली, "हात दे. इथे शेवाळ आहे, पडशील. उद्या लंगडत उभी राहिलीस तर काकीला आणखी एक विषय."

तिने हेर्टाला हाताला धरून आत आणलं. पाटावर बसवलं आणि स्वतः खाली बसून सांडलेले तांदूळ वेचायला लागली.

"दुसरे घे ना. डब्यात आहेत," फ्लोरा म्हणाली.

"हेच घेईन. तांदळाचा काय दोष?"

सगळे दाणे वेचून झाले. आईने ताट पुन्हा सारखं केलं आणि अंगठी हेर्टाच्या हातात दिली.

"तू लिही. सरकारने दिलेलं नको, मी दिलेलंही नको. तुझ्या मनात असेल ते लिही. आम्ही त्या नावाने हाक मारू."

"सुनेने स्वतःचं नाव लिहायचं? असं कुठे असतं?" काकी म्हणाली.

"आजपासून आमच्याकडे असतं," आई म्हणाली.

हेर्टा अंगठी धरून बसली. मला वाटलं, ती हेर्टाच लिहील. तेच तिचं होतं. एकदा अंगठी तांदळाला टेकवून तिने परत उचलली. मग चार अक्षरं लिहिली, तिच्या लिपीत, शाळेतल्या मुलासारखी सुटी सुटी.

हसाजीमामांनी चष्मा पुसला आणि वाकून वाचलं. "मीना," ते म्हणाले.

ओटीवर एकदम गलका झाला. काकीसुद्धा बोलली, "बघा, आपल्यातलंच नाव घेतलंन."

"मीन म्हणजे मासा," वडील झोपाळ्यावरून म्हणाले. "समुद्राकाठच्या सुनेला शोभतं."

"तुला हे नाव गो कुठे मिळालं?" आईने विचारलं.

"माहीत होतं," हेर्टा म्हणाली.

"आमच्यासाठी घेतलंस ना? आम्हाला म्हणता यावं म्हणून?"

हेर्टाने मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही. आईला 'हो' वाटलं.

मग बायका एकेक करून ते नाव म्हणून बघायला लागल्या. मीना, हात पुढे कर, मेंदी लावू. मीना, इकडे बघ. जी जी बोलेल, तिच्या तोंडाकडे ती बघायची. आईने लाडू घेतला आणि म्हणाली, "मीना, ये, तोंड गोड कर." तिने लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "आले."

दुसऱ्या दिवशी आमचं लग्न लागलं.

चार वर्षं गेली. लढाई संपली. एके दिवशी कामावरून परत आलो, तर ती मागच्या पायरीवर बसली होती. मांडीवर एक लांब पाकीट होतं. परदेशातल्या एका मदत करणाऱ्या संस्थेला तिने घरच्या माणसांची चौकशी करायला लिहिलं होतं, त्याचं उत्तर होतं. टाइप केलेल्या ओळी. दोन नावं. एकापुढे तारीख आणि एका गावाचं नाव. दुसऱ्यापुढे नुसती रेघ.

"ही आई," तिने तारखेवर बोट ठेवलं.

दुसरं नाव मी अक्षर लावून वाचलं. इतकं इंग्रजी मला तोपर्यंत येत होतं. वाचलं आणि म्हटलं, "तुझं नाव इथे कसं?"

"माझं नाही. तिचं. माझी धाकटी."

मी खाली बसलो.

"पण ती तर वडिलांकडे होती," मी म्हटलं. "मग वडिलांचं नाव यात का नाही?"

"बाबांना अडतीस साली धरून नेलं. एक महिन्याने त्यांची राख आली. पोस्टाने, डब्यात."

तोपर्यंत तिच्या मराठीत 'आहे' आणि 'होता' यांची गल्लत राहिली नव्हती. मला टोप्यांचं दुकान आठवलं. बाबांकडे राहायला गेली, हा तो निरोप आठवला, आणि आईचं 'बरं झालं' आठवलं. हेर्टाच्या आईने सरकारी माणसाच्या डोळ्यांखालून पंचवीस शब्दांत पोर गेल्याचं कळवलं होतं. ते वाचून ही आमच्याबरोबर लाडवाचं पीठ भाजायला बसली होती.

"सांगितलं का नाहीस?"

"लग्न पुढे गेलं असतं. तुम्ही सगळे रडला असता." थोड्या वेळाने म्हणाली, "मग ती मेली असती."

"एकोणीस वर्षांची होती," ती म्हणाली. "माझ्या खांद्याला लागायची. माझे कपडे घालायची, आणि मी ओरडले की म्हणायची, तुझ्यापेक्षा मला बरे दिसतात."

मी विचारलं, "मी ते नाव सोडू का? तुला हेर्टाच म्हणेन. घरात तरी."

"नको." तिने कागदाची घडी केली. "तुम्ही हाक मारता. फ्लोरा मारते. कोळीण टोपली घेऊन दारातून ओरडते, मीना, बोंबील घेतेस का. तिकडे तिला हाक मारणारं कोणी राहिलं नाही. इथे रोज दहा वेळा मारतात."

"आणि तू ओ देतेस."

"मी ओ देते." ती उठली. "आईंना सांगू नका. त्यांना वाटतं, मी त्यांच्यासाठी घेतलं."

मी सांगितलं नाही. आई १९५८ साली गेली, तोपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ही गोष्ट सांगायची, की आमच्या सुनेने आम्हाला म्हणता यावं म्हणून आपलं नाव टाकलं. हेर्टा चहा आणून ठेवायची आणि ऐकून घ्यायची.

आमच्या आळीतली निम्मी घरं इस्रायलला गेली. आम्हाला किती जणांनी बोलावलं. ती म्हणायची, मी एकदा सामान बांधलं, पुरे. मुलगी ठाण्याला असते. तीही आईला मीना म्हणूनच ओळखते. मुलांना मी काही सांगितलं नव्हतं.

सत्तेचाळीस वर्षं मी घरात ते नाव हाक मारून म्हटलं. टोपी सापडत नसली की म्हटलं, भूक लागली की म्हटलं, उगाच म्हटलं. प्रत्येक वेळी ओ आली. गेल्या मार्चमध्ये एका दुपारी मी आतून हाक मारली आणि ओ आली नाही. ती पायरीवर बसली होती, मांडीवर निवडायची भाजी तशीच.

आता हाक मारायची कोणाला? मी अजूनही मारतो. चुकून मारतो, असं मुलीला वाटतं.

वर्ष होत आलं, तेव्हा कबरीवर दगड बसवायचा विषय निघाला. मुलगी म्हणाली, "बाबा, मीना रहमिम झिराडकर, एवढंच लिहू. आईला गावात सगळे त्याच नावाने ओळखतात." मी म्हटलं, दगडाचं माझ्यावर सोड.

आमची कबरस्तानाची जागा गावाबाहेर माडांमध्ये आहे. पाथरवट तिथेच येऊन अक्षरं काढतो. महादू त्याचं नाव. मी कागदावर लिहून नेलं होतं. सुताराचं अक्षर, पण मापात. वर एक नाव, मग आडवी रेघ, मग दुसरं. वर हेर्टा, जन्मसाल आणि मृत्यूसाल. खाली मीना, जन्मसाल, आणि पुढे नुसती रेघ.

महादूने कागद दोनदा वाचला.

"काका, खालचीची तारीख राहिली."

"माहीत नाही ती. रेघच काढ."

"बाई एकच ना पण? नावं दोन कशी?"

"दोघी आहेत."

तो मातीच्या उंचवट्याकडे बघत राहिला. मग पावलं टाकून त्याने रुंदी मोजली.

"जागा तर एकाच माणसाची दिसते."

"धाकटी बारीक होती," मी म्हटलं. "हिच्या खांद्याला लागायची."

महादू खडू घेऊन दगडावर रेघ आखायला लागला.